दूरस्थ फाईल प्रणालीतील लेखनाधिकार

एका संगणकाच्या तबकडीवर साठविलेल्या फाईली जाळ्यामार्फत दुसऱ्या संगणकावर, जणू त्या तेथेच आहेत अशा रीतीने, वापरता याव्यात म्हणून केलेल्या व्यवस्थेस दूरस्थ फाईल प्रणाली असे म्हणतात. फाईली पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर व त्या वापरणाऱ्या संगणकास ग्राहक संगणक म्हणतात. सर्व्हरवरील एखादी निर्देशिका (फोल्डर) ग्राहक संगणकावरील एका ठरावीक जागी बसविण्याच्या क्रियेला जोडणी किंवा ‘माउंट’ करणे अशी संज्ञा आहे. नाव व परवलीचा शब्द देऊन किंवा अन्य मार्गाने ओळख पटविल्यानंतरच होणारी जोडणी ही ओळख-पडताळणीयुक्त जोडणी होय. अशा जोडणीत वारंवार आढळणारी अडचण पुढीलप्रमाणे असते : जोडणी यशस्वी होते, फाईलींची नावे दिसतात, त्या उघडून वाचताही येतात, परंतु नवी फाईल लिहू गेल्यास संगणक नकार देतो. हा नकार कोणाकडून येतो, का येतो व तो सुरक्षितपणे कसा दूर करावा, यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

ओळख आणि अधिकार : या विषयातील बहुतेक गोंधळ दोन भिन्न गोष्टी एकच मानल्यामुळे होतो. ‘ही व्यक्ती कोण’ या प्रश्नाचे उत्तर ओळख-पडताळणीने मिळते. ‘या व्यक्तीला काय करता येईल’ या प्रश्नाचे उत्तर अधिकारांच्या नियमांवरून ठरते. पहिले उत्तर बरोबर आले म्हणजे दुसरे अनुकूल येईलच असे नाही.

ही भेदरेषा संगणकापूर्वीच्या लेखनव्यवहारांतही स्पष्ट दिसते. नाशिक येथील पंचवटीत गोदावरीच्या रामकुंडावर श्राद्ध, अस्थिविसर्जन इ. विधींसाठी येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी तेथील तीर्थोपाध्याय आपल्या वह्यांत (नामावळ्यांत) पिढ्यान्‌पिढ्या ठेवीत आले आहेत. यात्रेकरूने आडनाव, मूळ गाव व घराणे सांगितले, की त्याच्या कुळाची वही कोणत्या उपाध्यायाकडे आहे ते ठरते. ही झाली ओळख. त्या वहीतील पूर्वजांचे लेख त्यास वाचावयास मिळतात. हा वाचनाचा अधिकार. आपली व मुलाबाळांची नावे त्याला नव्याने नोंदविता येतात. हा भर घालण्याचा अधिकार. परंतु आजोबांचा लेख खोडण्याचा किंवा दुसऱ्या कुळाच्या पानावर लिहिण्याचा अधिकार त्याला नसतो, आणि वही उपाध्यायाच्याच ताब्यात राहते. ओळख एकच असूनही अधिकार मात्र कृतीगणिक व पानागणिक बदलतात.

महाराष्ट्रातील जमिनीच्या अधिकार अभिलेखांतही हेच तत्त्व आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये फेरफाराची नोंद गावपातळीवर घेतली जाते. परंतु ती प्रमाणित करण्याचे काम वरच्या दर्जाचा अधिकारी करतो. सातबाराचा उतारा कोणालाही पाहता येतो, तथापि त्यात बदल करण्याचा अधिकार मोजक्याच व्यक्तींकडे व विहित क्रमानेच असतो. दूरस्थ फाईल प्रणालीची रचना याच प्रकारच्या विभागणीवर आधारलेली आहे. फरक इतकाच, की येथे नोंद तपासणारे कारकून अनेक असून ते वेगवेगळ्या संगणकांत बसलेले असतात.

इतिहास : अनेकांनी एकच संगणक वापरण्यास १९६० नंतरच्या दशकात प्रारंभ झाला, तेव्हा एकाच्या फाईली दुसऱ्यापासून राखण्याची गरज निर्माण झाली. ‘मल्टिक्स’ या प्रणालीत प्रत्येक फाईलीसोबत अधिकारधारकांची यादी ठेवण्याची पद्धत होती. केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत विकसित केलेल्या ‘युनिक्स’मध्ये ही रचना सुटसुटीत करण्यात आली. जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणाची तत्त्वे मांडली. कामापुरता किमान अधिकार द्यावा, हे त्यांपैकी एक तत्त्व आजही प्रमाण मानले जाते.

फाईली जाळ्यावरून पुरविण्याच्या प्रमुख पद्धती १९८० नंतरच्या दशकात उदयास आल्या. आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ च्या सुमारास ‘एसएमबी’ या प्रोटोकॉलची आखणी केली. पुढे मायक्रोसॉफ्टने तो विंडोजमध्ये विस्तारला. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये ‘एनएफएस’ ही प्रणाली तयार केली. कार्नेगी मेलन विद्यापीठात याच सुमारास ‘अँड्रू’ फाईल प्रणाली विकसित झाली. मॅसॅचूसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पातून ‘कर्बरॉस’ ही ओळख-पडताळणीची पद्धत निर्माण झाली. ऑस्ट्रेलियातील अँड्रू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये ‘सांबा’ या आज्ञावलीची सुरुवात केली. तिच्यामुळे युनिक्स जातीच्या सर्व्हरवरील फाईली विंडोज संगणकांना वापरता येऊ लागल्या.

परवानग्यांची रचना : युनिक्स व तिच्यावरून सिद्ध झालेल्या लिनक्ससारख्या प्रणालींत प्रत्येक फाईलीस एक मालक व एक गट असतो. मालक, गट व इतर या तीन वर्गांना वाचणे, लिहिणे व चालविणे अशा तीन परवानग्या स्वतंत्रपणे देता येतात. वाचनास ४, लेखनास २ व चालविण्यास १ असे अंक मानून त्यांची बेरीज मांडतात. त्यानुसार ६४४ याचा अर्थ मालकाला वाचन व लेखन आणि गटाला व इतरांना केवळ वाचन असा होतो.

निर्देशिकेच्या बाबतीत या परवानग्यांचा अर्थ वेगळा आहे. फाईल नव्याने निर्माण करणे, तिचे नाव बदलणे किंवा ती नष्ट करणे या कृती त्या फाईलीच्या परवानगीवर नव्हे, तर ती ज्या निर्देशिकेत आहे तिच्या लेखन व प्रवेश परवानगीवर अवलंबून असतात. म्हणून स्वतःच्या मालकीची जुनी फाईल दुरुस्त करता येते, पण तिच्या शेजारी नवी फाईल ठेवता येत नाही, असा वरवर विसंगत वाटणारा अनुभव येतो. अनेक संपादन आज्ञावल्या मूळ फाईलीवर थेट न लिहिता शेजारी तात्पुरती फाईल करून मग तिचे नाव बदलतात. अशा वेळी फाईलीवर लेखनाधिकार असूनही ‘जतन करता येत नाही’ असा संदेश मिळतो.

अँड्रू फाईल प्रणालीत निर्देशिकेसाठी सात प्रकारचे अधिकार असून त्यांत नवी फाईल घालण्याचा, असलेली बदलण्याचा व नष्ट करण्याचा हे तीन अधिकार वेगळे मानले आहेत. पंचवटीतील वहीप्रमाणे ‘भर घाला, पण जुने बदलू नका’ असा नियम तीत थेट मांडता येतो. विंडोजमध्ये वाटपाची (शेअरची) परवानगी व तबकडीवरील फाईल प्रणालीची परवानगी अशा दोन पायऱ्या असतात. जाळ्यावरून येणाऱ्यास या दोहोंपैकी जी अधिक कडक असेल ती लागू पडते.

ओळखीचे रूपांतर : एनएफएसच्या साध्या पद्धतीत ग्राहक संगणक वापरकर्त्याचे नाव पाठवीत नाही, त्याचा वापरकर्ता क्रमांक व गटांचे क्रमांक पाठवितो. सर्व्हर त्या क्रमांकांवर विश्वास ठेवतो. त्यामुळे एकाच व्यक्तीचा क्रमांक ग्राहक संगणकावर १००० व सर्व्हरवर १००१ असल्यास, नाव तेच असूनही सर्व्हरच्या दृष्टीने ती परकी ठरते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे सर्व्हरवर १००० हा क्रमांक दुसऱ्याच कोणाचा असल्यास त्या दुसऱ्याच्या फाईलींवर तिला नकळत अधिकार मिळतो. या पद्धतीत मुख्य गटाव्यतिरिक्त १६ पेक्षा अधिक गट पाठविता येत नाहीत. अनेक गटांत असलेल्या वापरकर्त्याला एखाद्या ठिकाणी अकारण नकार मिळण्याचे हे एक कारण असते.

ग्राहक संगणकावरील ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्यास सर्व्हरवरही तेच स्थान मिळू नये म्हणून त्याचा शून्य हा क्रमांक सर्व्हर बदलतो व त्यास ‘नोबडी’ या अधिकारहीन वापरकर्त्याच्या जागी (लिनक्समध्ये सामान्यतः क्रमांक ६५५३४) ठेवतो. ‘रूटलाही लिहिता येत नाही, म्हणजे सर्व्हर बिघडला’ हा निष्कर्ष यामुळे चुकीचा ठरतो; उलट येथे संरक्षण योग्य रीतीने चालू असते.

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत मालकाचे नाव क्षेत्रनामासह पाठविण्याची सोय आहे. दोन्ही संगणकांवर क्षेत्रनाम भिन्न लिहिलेले असल्यास फाईलींचा मालक ‘नोबडी’ असा दिसू शकतो. येथे दिसणारे नाव आणि सर्व्हरचा प्रत्यक्ष निर्णय यांत तफावत पडू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते.

एसएमबी पद्धतीत ओळख जोडणी करतानाच दिली जाते व सर्व्हरवरील अधिकार त्या नावाने ठरतात. मात्र लिनक्स संगणकावर अशी जोडणी रूटने केल्यास, आणि सर्व्हरने मालकीची माहिती पुरविली नसल्यास, सर्व फाईली रूटच्या मालकीच्या व ७५५ परवानगीच्या आहेत असे ग्राहक संगणक धरून चालतो. सर्व्हरने लेखनास मान्यता दिलेली असूनही सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्याच संगणकाकडून नकार मिळतो. विनंती सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. यावर उपाय म्हणजे जोडणीच्या वेळी वापरकर्ता क्रमांक, गट क्रमांक आणि फाईल व निर्देशिका यांच्या परवानग्या स्पष्टपणे नमूद करणे. सांबामध्ये वाटप मुळात केवळ वाचनासाठी गृहीत धरलेले असते. लेखन हवे असल्यास तसे लिहावे लागते.

‘एसएसएच’ या सुरक्षित मार्गावरून केलेली फाईल जोडणी सामान्यतः केवळ ती करणाऱ्या वापरकर्त्यालाच वापरता येते. विशेष मुभा दिल्याखेरीज त्या संगणकाच्या रूटलाही तीत प्रवेश नसतो.

कर्बरॉस पद्धतीत मध्यवर्ती सर्व्हर वापरकर्त्याला ठरावीक मुदतीचे तिकीट देतो व ते दाखवून तो फाईल सर्व्हरकडे जातो. तिकिटाची मुदत संपल्यास सकाळी चालू असलेले लेखन सायंकाळी बंद पडते. तसेच दोन संगणकांच्या घड्याळांत सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक अंतर पडल्यास तिकीट नाकारले जाते. अधिकारांत काहीही बदल झालेला नसताना केवळ घड्याळामुळे काम अडते.

निदानाचा क्रम : नकार देणारा थर प्रथम निश्चित करणे आवश्यक असते, अन्यथा एका ठिकाणचा दोष दुसऱ्या ठिकाणी दुरुस्त करण्याचा प्रयत्न होतो. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो. (१) त्रुटीचा नेमका संदेश पहावा. लिनक्समध्ये त्रुटी १३ म्हणजे परवानगी नाही. त्रुटी ३० म्हणजे फाईल प्रणालीच केवळ वाचनासाठी आहे. त्रुटी २८ म्हणजे जागा संपली. त्रुटी १२२ म्हणजे वापरकर्त्याला ठरवून दिलेला जागेचा वाटा संपला. शेवटच्या दोहोंत परवानग्यांशी काही संबंध नसतो. (२) जोडणी खरोखरच अस्तित्वात आहे काय आणि ती वाचन-लेखनासाठी आहे की केवळ वाचनासाठी, हे चालू जोडण्यांच्या यादीवरून तपासावे. (३) आपण कोणत्या वापरकर्ता व गट क्रमांकांनी काम करीत आहोत ते पहावे. वापरकर्त्याला नव्या गटात घातले असल्यास तो बाहेर पडून पुन्हा आत आल्याशिवाय तो गट लागू होत नाही. (४) निर्देशिकेचा मालक, गट व परवानग्या नावांऐवजी क्रमांकांच्या रूपात पहाव्यात. (५) सर्व्हरवर, त्याच वापरकर्त्याच्या नावाने, त्याच निर्देशिकेत प्रत्यक्ष लिहून पहावे. तेथे लिहिता आले तर दोष वाटपात, जोडणीत किंवा ओळखीच्या रूपांतरात आहे. तेथेही नकार आला तर तो फाईलींच्या परवानग्यांत, अधिकारयाद्यांत अथवा तबकडीत आहे. ही एक चाचणी शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी करते. (६) सर्व्हरवरील वाटपाची यादी वाचावी व तिच्यात बदल केल्यावर ती पुन्हा लागू केली आहे याची खात्री करावी. (७) ‘एसईलिनक्स’सारखी अतिरिक्त सुरक्षाव्यवस्था कार्यरत असल्यास तिच्या नोंदी पहाव्यात; नेहमीच्या परवानग्या योग्य असूनही ती नकार देऊ शकते. (८) तबकडीत दोष आढळल्यास काही प्रणाली हानी वाढू नये म्हणून ती आपोआप केवळ वाचनासाठी करतात. अशा वेळी परवानग्या न बदलता प्रथम तबकडी तपासावी.

एनएफएसमध्ये ग्राहक संगणक फाईलींचे गुणधर्म काही काळ (सामान्यतः ३ ते ६० सेकंद) स्मृतीत ठेवतो. म्हणून दुरुस्तीनंतर जुनीच स्थिती दिसल्यास थोडे थांबून पुन्हा पहाणे इष्ट असते.

वाटपाची यादी लिहिताना एका कोऱ्या जागेनेही अर्थ बदलतो. एनएफएसच्या यादीत ग्राहक संगणकाचे नाव आणि कंसातील ‘वाचन-लेखन’ हा शब्द यांच्यामध्ये जागा सोडल्यास त्या नावाच्या संगणकाला केवळ वाचन मिळते व लेखन मात्र इतर सर्व संगणकांना खुले होते. ज्याला अधिकार द्यावयाचा तो वंचित राहतो आणि ज्यांना द्यावयाचा नाही त्यांना तो मिळतो.

उदाहरण : पंचवटीतील एखाद्या संस्थेने जुन्या वह्यांच्या पानांची छायाचित्रे घेऊन ती लिनक्स सर्व्हरवर साठविण्याचे ठरविले, असे समजू. छायाचित्रे घेणाऱ्या लिपिकाचा क्रमांक त्याच्या संगणकावर १००० व सर्व्हरवर १००१ आहे. सर्व्हरवरील निर्देशिका १००१ च्या मालकीची असून तिची परवानगी ७५५ आहे. लिपिकाला सर्व पाने दिसतात, परंतु नवे पान ठेवता येत नाही. त्याच्या संगणकावर मालकाच्या जागी नावाऐवजी केवळ ‘१००१’ हा आकडा दिसतो. निदानाची खूण तीच आहे. रूट म्हणून प्रयत्न केला तरी सर्व्हर त्याला ‘नोबडी’ करतो व नकार कायम राहतो.

येथे सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे निर्देशिकेस ७७७ परवानगी देणे. त्याने नकार नाहीसा होतो. पण त्याचबरोबर सर्व्हरवरील प्रत्येक वापरकर्त्याला कोणतेही पान नष्ट करता येते. मूळ वही जीर्ण झालेली असेल तर हे पान पुन्हा मिळेलच याची शाश्वती नसते. योग्य उपाय दोन टप्प्यांचा आहे. प्रथम दोन्ही संगणकांवर त्या व्यक्तीचा क्रमांक एकच करावा; संगणक अनेक असल्यास त्यासाठी मध्यवर्ती वापरकर्ता-सूची ठेवतात. त्यानंतर छायाचित्रकारांचा एक गट करून निर्देशिका त्या गटाला द्यावी व तिची परवानगी १७७५ ठेवावी. यामुळे निर्देशिकेत गटातील कोणालाही नवी फाईल ठेवता येते; परंतु पहिल्या १ या अंकामुळे दुसऱ्याची फाईल नष्ट करता येत नाही किंवा तिचे नाव बदलता येत नाही. हा अधिकार फाईलीचा मालक, निर्देशिकेचा मालक व सर्व्हरचा रूट यांनाच राहतो. फाईलींना ६४४ परवानगी दिल्याने दुसऱ्याच्या पानातील मजकूरही बदलता येत नाही. तपासून झालेली पाने वेगळ्या निर्देशिकेत हलवून ती सर्वांसाठी केवळ वाचनाची ठेवावीत.

न दिसणारे धोके : स्पष्ट नकारापेक्षा नकार न मिळणे अधिक हानिकारक ठरण्याचे दोन प्रसंग आहेत. पहिला प्रसंग जोडणी तुटण्याचा. सर्व्हर चालू नसताना ग्राहक संगणक सुरू झाला व जोडणी झालीच नाही, तरी जिच्या जागी ती व्हावयाची ती रिकामी निर्देशिका स्थानिक तबकडीवर असतेच. तिच्यात लिहिण्याची मुभा असल्यास दिवसभराच्या फाईली तेथे जमा होतात. नंतर जोडणी पूर्ववत झाल्यावर त्या झाकल्या जातात, आणि सर्व्हरच्या रोजच्या प्रतींत त्यांचा समावेश होत नाही. म्हणून जोडणीपूर्वीच ही स्थानिक निर्देशिका लेखनास बंद करून ठेवावी. मग जोडणी नसताना तात्काळ नकार मिळतो व चूक लगेच ध्यानी येते.

दुसरा प्रसंग विलंबाने येणाऱ्या त्रुटीचा. वेग वाढविण्यासाठी ग्राहक संगणक लिहिलेली माहिती काही काळ आपल्या स्मृतीत राखतो व नंतर सर्व्हरकडे पाठवितो. सर्व्हरवरील जागा किंवा वाटा संपला असल्यास ही त्रुटी लिहिताना नव्हे, तर फाईल बंद करताना किंवा ती पक्की लिहिण्याची आज्ञा दिल्यावर कळते. जी आज्ञावली त्या वेळचे उत्तर तपासत नाही ती ‘काम झाले’ असे सांगून मोकळी होते. यासाठी महत्त्वाच्या फाईली सर्व्हरवर पोचल्यावर त्यांचा आकार व पडताळा-अंक मूळ फाईलींशी जुळवून पहातात, व त्यानंतरच मूळ प्रती काढून टाकतात.

परवलीचा शब्द जोडणीच्या आज्ञेत उघडपणे लिहिल्यास तो संगणकावरील इतरांना दिसू शकतो. म्हणून तो वेगळ्या फाईलीत ठेवून ती केवळ मालकाला वाचता यावी (परवानगी ६००) अशी व्यवस्था करतात.

लेखनाधिकाराची अडचण सोडविणे म्हणजे अडथळा काढून टाकणे नव्हे. कोणत्या व्यक्तीने, कोणत्या निर्देशिकेत, कोणती कृती करावयाची आहे हे प्रथम ठरवून तेवढाच अधिकार देणे, आणि दिल्यानंतर दोन चाचण्या घेणे, ही त्यातील योग्य पद्धत आहे : ज्याला अधिकार दिला त्याला लिहिता येते काय, आणि ज्याला दिला नाही त्याला अद्याप नकार मिळतो काय. यांपैकी दुसरी चाचणी सामान्यतः घेतली जात नाही; संग्रहाची सुरक्षितता मात्र प्रामुख्याने तिच्यावरच अवलंबून असते.